एस्ट्रावेनची रोजनिशी मराठीत कशी वाचायची? (परग्रही समाज, ओळख आणि आपलेपणा)

हिमवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय, आज लिहायला बसले.

उर्सुला ल ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) इथे बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गेथेन नावाचा बर्फाळ ग्रह आहे. तिथली माणसं बाई किंवा पुरुष नसतात. महिन्यातले थोडे दिवस त्यांना 'केमर' येतो, त्या दिवसांपुरती ती बाई होतात किंवा पुरुष होतात, आणि काय होणार ते आधी ठरलेलं नसतं. एकच माणूस काही मुलांची आई आणि काही मुलांचा बाप असू शकतो. अशा ग्रहावर जेन्ली आय हा आपल्यासारखा पुरुष दूत म्हणून एकटाच जातो. त्याला मदत करणारा एस्ट्रावेन तिथला पंतप्रधान असतो, पुढे देशोधडीला लागतो. जेन्लीला तो कितीतरी दिवस कळतच नाही.

मला बोलायचंय ते शेवटच्या प्रकरणाबद्दल. जेन्लीच्या माणसांचं यान उतरतं. दार उघडतं, आतून पुरुष येतात, बायका येतात. ज्यांची तो इतके दिवस वाट बघत होता तीच ही माणसं. आणि त्याला ती विचित्र दिसतात. काहींचे आवाज फार जाड, काहींचे फार चिरके. दोन निरनिराळ्या जातींचे मोठाले प्राणी समोर उभे राहावेत तसं त्याला होतं. तो आपल्या खोलीत निघून जातो. तिथे गेथेनचा एक तरुण वैद्य त्याला तपासायला येतो, त्याचा बाईचाही नाही आणि पुरुषाचाही नाही असा चेहरा बघून जेन्लीचा जीव भांड्यात पडतो.

हे मी पहिल्यांदा कॉलेजात वाचलं तेव्हा लेखिकेची कल्पनाशक्ती म्हणून आवडलं होतं. २०२२ साली ते माझ्या अंगावर आलं. मी तेरा वर्षं कॅल्गरीला आहे. कोव्हिडमुळे तीन वर्षं घरी जाता आलं नव्हतं. डिसेंबरात नाशिकला पोचले तर दारात आई, काका, काकू, चुलतबहिणीची पोरं, वरच्या मजल्यावरच्या आजी. सगळे एकदम बोलत होते. आणि मला शब्द कळेनात. नुसता आवाज येत होता. माझ्याच घरातल्या माणसांचे चेहरे एकदम जवळ आले होते आणि मला मागे सरकायचं होतं. हातपाय धुते म्हणून मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि निळी बादली भरून वाहायला लागली तरी तशीच उभी राहिले. मग बाहेरच्या गलबल्यातून आईचं एक वाक्य सुटं होऊन आलं, "अगं, गीझर लावलाय, गार पाणी घेऊ नकोस." तिथून पुढे सगळे शब्द परत आले.

परग्रहावरच्या समाजाच्या चांगल्या कथा मला याचसाठी हव्याशा वाटतात. तिकडचे लोक कसे चमत्कारिक आहेत हे दाखवून त्या थांबत नाहीत. तिकडे राहून आलेल्याला इकडचं कसं दिसतं, आणि मग 'आपलं' म्हणायचं कशाला, हा प्रश्न त्या धसाला लावतात.

आता माझी अडचण. आईला आता बारीक अक्षर दिसत नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तिला हे पुस्तक मराठीत सांगते, इंग्रजी समोर ठेवून, वाक्यामागून वाक्य. पहिल्या दिवसापासून ती विचारते, "अगं, पण तो की ती?" जेन्ली सांगतो त्या भागात मी 'तो' म्हणते, कारण मूळ पुस्तकातही तसंच आहे. पण मधली काही प्रकरणं एस्ट्रावेनच्या रोजनिशीतली आहेत. तिथे 'मी' आहे. इंग्रजीत 'मी'ला लिंग नाही. मराठीत 'मी निघालो' म्हणू की 'मी निघाले'? तोंड उघडलं की निर्णय झालेलाच असतो. दोन रविवार मी ते प्रकरण पुढे ढकललंय.

तुम्ही काय कराल? आणि अशी आणखी कोणती पुस्तकं तुम्हाला भिडली, तेही लिहा.

---

मीनाक्षी_मेष

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

---

अनुस्वार

फार दिवसांनी असा धागा आला. आधी एक गंमत बघा: तुमच्या सदस्यनामावरून काहीच कळत नव्हतं, पण पहिल्या ओळीतल्या 'लिहायला बसले'ने तुम्ही बाई आहात हे सांगून टाकलं. मराठीत माणूस स्वतःबद्दल बोलायला लागला की क्रियापद त्याची ओळख करून देतं. बंगालीत हा प्रश्न येत नाही, फारसीत येत नाही. आपल्याकडे तो दर वाक्याला येतो.

पण दर वाक्याला म्हणजे खरोखर दर वाक्याला का, हे तपासून बघण्यासारखं आहे. मी काल रात्री वही घेऊन बसलो.

सकर्मक भूतकाळात मराठी 'मी'ला मोकळं सोडते. मी भाकरी खाल्ली. मी तंबू ठोकला. मी त्याला पाहिलं. इथे क्रियापद भाकरीशी, तंबूशी जुळतं, माझ्याशी नाही. भविष्यकाळही मोकळा: मी जाईन, मी थांबेन. जुना रीतिभूतकाळ मोकळा: मी पहाटे उठे, मी बर्फ वितळवी. 'मला भूक लागली', 'मला भीती वाटली' यातही काही कळत नाही. अडचण येते ती येणं, जाणं, बसणं, झोपणं, रडणं, हसणं अशा क्रियांच्या भूतकाळात आणि साध्या वर्तमानकाळात. आलो की आले, जातो की जाते.

आणि 'आम्ही'! आम्ही निघालो, आम्ही दमलो, आम्ही झोपलो. यात बाई, पुरुष सगळे आले. कादंबरीतला तो गोब्रिन हिमक्षेत्रावरचा प्रवास आठवा. दोघंच, एक स्लेज, एक तंबू, कित्येक आठवडे. त्या भागात रोजनिशीत आपोआपच 'आम्ही' फार येतो. म्हणजे ती दोघं एकत्र चालायला लागली की मराठीतली अडचण निम्म्याने कमी होते. मला हे फार सुंदर वाटलं. शिवाय आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, इंग्रजीत नाहीत. एस्ट्रावेन जेन्लीला पहिल्यांदा 'आपण' कधी म्हणेल, हे मराठी अनुवादकाला ठरवावंच लागेल. 'आपलेपणा' हा शब्दच त्या 'आपण'मधून आलाय.

'तो'बद्दल म्हणाल तर ल ग्विन यांनाही ते पुढे टोचलं. १९७६ च्या एका निबंधात त्यांनी 'तो' वापरण्याचं समर्थन केलं होतं. मग ऐंशीच्या दशकात त्याच निबंधाला स्वतःच टिपा जोडून त्यांनी मत बदलल्याचं लिहिलं. गेथेनवरचीच 'विंटर्स किंग' ही त्यांची कथा १९६९ ची. १९७५ च्या संग्रहात ती घेताना त्यांनी सगळीकडे 'ती' केलं, पण 'राजा' हा शब्द तसाच ठेवला. कादंबरीत तर राजा गरोदर असल्याची बातमी येते. 'राजा गरोदर होता' हे मराठीत मोठ्याने म्हणून बघा. 'होता'वर जीभ अडखळते, आणि मला वाटतं ती अडखळू द्यावी.

'ते' वापरावं का, असं कुणी सुचवेल. 'ते आलं' म्हटलं की आपल्याला लेकरू दिसतं, 'ते आले' म्हटलं की सासरेबुवा. दोन्ही एस्ट्रावेनला लागू नाहीत.

---

जुनीदिवाळी

मराठीचा विषय निघालाच आहे तर जयंत नारळीकरांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. जयंत विष्णू नारळीकरची आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतलेली. कथेला बक्षीस मिळालं. आपलं नाव बाजूला ठेवून कथेला तिच्या पायावर उभं राहू देणं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. मागच्या वर्षी, २० मे २०२५ ला, सर गेले. त्या दिवशी मी 'यक्षांची देणगी' कपाटातून काढून परत वाचली.

तरी मनापासून एक तक्रार आहे. नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या कथांवर माझी पिढी वाढली. त्यात विज्ञानाची कल्पना पक्की असायची. पण परग्रहावरची माणसं काय खातात, कुणाला नमस्कार करतात, त्यांच्यात कुणाला कमी लेखतात, म्हातारी माणसं कुठे बसतात, हे सांगणारं मला फार थोडं मिळालं. समाज हा विषय आपण ग्रामीण आणि दलित साहित्याकडे सोपवला आणि विज्ञानकथेकडे प्रयोगशाळा ठेवली. ज्या भाषेत जातीबद्दल इतकं लिहिलं गेलंय, तिच्यात परग्रहावरच्या समाजाची एखादी भरभक्कम कादंबरी यायला हवी होती. अजूनही यावी.

---

तर्कट

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून थोडा विरोध नोंदवतो. गेथेनची माणसं परग्रही कुठे आहेत? ती थंडीत चहासारखं काहीतरी पितात, राजकारण करतात, अपमान झाला की रुसतात. ती आपणच आहोत, एक गोष्ट बदललेली. मला परग्रही म्हणून पटतो तो स्टॅनिस्लाव लेम यांच्या 'सोलारिस'मधला (१९६१) समुद्र. अख्ख्या ग्रहावर पसरलेला एकच जीव. माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याचा अभ्यास करतात, ग्रंथालयं भरतात, आणि शेवटपर्यंत तो काय आहे ते कळत नाही. तो माणसांच्या आठवणींतून त्यांचीच गेलेली माणसं घडवून समोर उभी करतो, पण का, ते सांगत नाही. परक्याशी जवळीक होतेच, हा आपला हट्ट आहे. लेम तो हट्ट मोडतात.

---

हिमवाट

तर्कट, तुमचा मुद्दा पटतो आणि 'सोलारिस' मलाही हलवून गेली आहे. पण लेम यांचा जन्म १९२१ चा, ल्वुफ शहरातला. तेव्हा ते पोलंडमध्ये होतं. युद्धानंतर सोव्हिएत संघात गेलं, लेम कुटुंबाला क्राकोला यावं लागलं, आणि आज ते शहर युक्रेनमध्ये आहे. ज्याचं गाव जागचं न हलता तीन देशांत फिरलं, त्याला 'कळणारच नाही असा परका' सुचावा यात मला आश्चर्य वाटत नाही. तो समुद्र माणसांच्या गमावलेल्या माणसांनाच का परत आणतो, हा प्रश्न माझ्या लेखी आपलेपणाचाच आहे.

ल ग्विन यांच्या घराबद्दलही सांगायला हवं होतं, मूळ लेखात राहून गेलं. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली कॅलिफोर्नियात 'याही' नावाच्या आदिवासी जमातीतला शेवटचा माणूस डोंगरातून खाली आला. तो पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहिला. स्वतःचं नाव परक्याला सांगायची त्याच्यात रीत नव्हती, म्हणून क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हटलं. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. तो १९१६ ला क्षयाने गेला, म्हणजे ल ग्विन यांच्या जन्माच्या तेरा वर्षं आधी. पण त्याचं चरित्र त्यांच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी लिहिलं. ज्याची भाषा बोलणारं दुसरं कुणी उरलेलं नाही अशा माणसाची गोष्ट त्या घरात होती.

---

सातवामजला

'डिस्ट्रिक्ट ९' (२००९) सिनेमा कुणी पाहिलाय का? जोहान्सबर्गमध्ये अडकलेले परग्रही, त्यांची झोपडपट्टी, आणि त्यांना हुसकावणारा सरकारी छापाचा माणूस हळूहळू त्यांच्यासारखा होत जातो. मी कामानिमित्त दक्षिण आफ्रिकेत होतो तेव्हा केपटाऊनचं डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय पाहिलं. १९६६ ला तो भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि साठ हजारांवर माणसं हलवली गेली. संग्रहालयात जमिनीवर जुन्या गल्ल्यांचा मोठा नकाशा आहे. हुसकावलेल्यांनी येऊन आपापलं घर जिथे होतं तिथे स्वतःच्या हाताने नाव लिहिलंय. त्यावरून चालताना पाय जपून टाकावा लागतो. सिनेमातल्या नायजेरियन लोकांच्या चित्रणाबद्दल मात्र माझी नाराजी आहे. परग्रहींना न्याय देताना आफ्रिकेतल्याच दुसऱ्या देशावर अन्याय केला.

---

ओलीमाती

मला ल ग्विनपेक्षा ऑक्टेव्हिया बटलर जवळची. जेन्लीसाठी शेवटी यान येतं. बटलरच्या लिलिथसाठी काहीच येत नाही.

'डॉन' (१९८७) मध्ये अणुयुद्धाने पृथ्वी संपलेली आहे. उरलेल्या माणसांना ओआनकाली नावाचे परग्रही वाचवतात, अडीचशे वर्षांनी जागं करतात. अंगभर गांडुळासारख्या शुंडा असलेले हे जीव क्रूर नाहीत. ते काळजी घेतात, लिलिथचा कॅन्सर बरा करतात. पण त्यांना मोबदला हवा असतो: यापुढे मुलं होतील ती मिसळलेली, निव्वळ माणूस असं कुणी नाही. लिलिथला ते दुसऱ्या माणसांना उठवायला नेमतात, आणि ती माणसं तिला गद्दार ठरवतात. पुढच्या भागात तिचा मुलगा अकिन दोन्हीकडचा. परत निर्माण केलेल्या पृथ्वीवर ओआनकालींनी जुन्या शहरांच्या खुणासुद्धा पुसून टाकलेल्या असतात.

माझे आजी-आजोबा कोयनेचे. साठच्या दशकात गाव पाण्यात गेलं, त्यांना रायगड जिल्ह्यात जमीन मिळाली. धरणाने वीज आली, राज्य उभं राहिलं, हे आजोबा स्वतः सांगत. त्यांनी कधी धरणाला वाईट म्हटलं नाही. पण नव्या गावात भात लावताना ते दर वर्षी म्हणायचे, "ही माती हाताला लागत नाही." पन्नास वर्षं त्या मातीतलं पिकलेलं खाऊनही. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की जुन्या घरांची जोती दिसतात म्हणून ते बसने जाऊन काठावर उभे राहून येत. लिलिथ जंगलात उभी राहते आणि तिला माहीत असतं की हे झाड खरं आहे, हवा खरी आहे, पण हे तिचं नाही. त्या पानावर मला आजोबांचे तळहात दिसले.

उपकार करणाऱ्यानेच तुमचं गाव घेतलेलं असेल तर राग कुणावर धरायचा? बटलर याचं उत्तर देत नाहीत, आणि म्हणून मी त्यांना मानते.

---

कावेरीकाठचा

ओलीमाती, तुमच्या आजोबांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

मी तंजावरचा. मराठ्यांचं राज्य तिथे १८५५ ला संपलं, आम्ही तिथेच राहिलो. घरात मराठी, शाळेत तमिळ. देवनागरी नीट लिहायला मी मोठेपणी शिकलो, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. तंजावरला शेजारी आम्हाला रायर म्हणतात, म्हणजे त्यांच्या लेखी आम्ही बाहेरून आलेले. पुण्याला नोकरीसाठी आलो तेव्हा घरमालक कौतुकाने म्हणाले, "मद्रासी असून मराठी छान बोलता हो."

मला भिडलेलं पुस्तक अर्काडी मार्टिन यांचं 'अ मेमरी कॉल्ड एम्पायर' (२०१९). त्यात परग्रही असे नाहीत, ते पुढच्या भागात येतात. पण माहित नावाची मुलगी एका छोट्या अंतराळस्थानकातून अवाढव्य साम्राज्याच्या राजधानीत राजदूत म्हणून येते. त्या साम्राज्याची कविता तिला लहानपणापासून पाठ आहे. त्यांच्या यमकांनी तिच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि तेच साम्राज्य तिचं स्थानक गिळायला टपलंय. लेखिका बायझंटाइन इतिहासाच्या अभ्यासक. पुस्तकाची अर्पणपत्रिकाच अशा माणसांना आहे, ज्यांचा आपल्या संस्कृतीला खाऊन टाकणाऱ्या संस्कृतीवर जीव जडला.

तमिळने मला खाल्लं असं मी म्हणणार नाही, तिने मला वाढवलं. पण भारतियारांची कविता ऐकली की माझ्या अंगावर काटा येतो, आणि आजी गेली त्या रात्री मी मराठीत रडलो. यातलं एक खरं आणि दुसरं उसनं असं मला करता येत नाही. माहितला शेवटी राजधानीत राहता आलं असतं, तिथे तिचं माणूस होतं. ती राहत नाही. ते प्रकरण मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला ती चुकली असंही वाटलं, बरोबर होती असंही वाटलं.

---

रंकाळा

मी इथं नुसती वाचत असतो, लिहीत नाही. आज लिहितो.

'असतो' वाचून कुणी दादा म्हणायच्या आधी सांगतो, मी बाई आहे. कोल्हापूरची. आमच्याकडं बायका 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो'च म्हणतात. माझी आई म्हणती, आजी म्हणायची, मी म्हणतो. आम्हाला त्यात पुरुषी काही वाटत नाही. 'आलो' म्हणजे आलो.

पुण्याला शिकायला गेलो तेव्हा हॉस्टेलच्या पहिल्या दिवशी दार वाजवून म्हटलं, "मी आत येतो काय?" आतल्या चौघी एकमेकींकडं बघून इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. पुढं वर्षभर मला त्या 'अरे' म्हणायच्या. वाईट नव्हत्या पोरी, माझ्या आजारपणात रात्रभर जागल्या. पण मी महिन्याभरात 'आले', 'गेले' शिकलो. घरी फोन लावताना गॅलरीत जायचो, कारण आईशी 'आले' म्हणवत नव्हतं आणि त्यांच्यासमोर 'आलो' म्हणायची लाज वाटायची. एकदा सुट्टीत घरी गेलो आणि तोंडातून 'मी दमले' निघालं. आजी माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "कुणाची गं तू?" हसत म्हणाली, पण मला ते लागलं. हिमवाटताई, तुमच्या बादलीपाशी मी पण उभा राहून आलोय.

आता तुमच्या प्रश्नाचं. एस्ट्रावेनला कोल्हापूरचा करा की! 'मी निघालो', 'मी रडलो', 'मी झोपलो'. आमच्यात हे बाईपण म्हणती आणि पुरुषपण म्हणतो. त्यावरनं काही कळत नाही. तुम्हाला पाहिजे ते मराठीत आधीच आहे, फक्त छापील मराठीत नाही.

---

अनुस्वार

रंकाळाताई, मी दोन दिवस वही घेऊन आडवाटा शोधत होतो, आणि तुम्ही सरळ रस्ता दाखवलात. मनापासून धन्यवाद.

रोजनिशीतला एक प्रसंग मी लगेच माझ्या शब्दांत करून पाहिला. तंबूत एस्ट्रावेनला केमर येतो आणि तो जेन्लीपासून अंतर राखून बसतो, तो प्रसंग. 'मी कोपऱ्यात सरकलो. त्याच्याकडे बघणं टाळलं. बाहेर वारा होता. मी बोललो नाही.' तुमचा आवाज डोक्यात ठेवून वाचलं तर यात बाईही बसते, पुरुषही बसतो, आणि दोन्ही नसलेलंही बसतं.

---

तर्कट

कल्पना सुरेख आहे. पण एक व्यावहारिक शंका. कोल्हापूर-सांगलीबाहेरचा वाचक 'मी सरकलो' वाचून पुरुषच ऐकणार. त्याला कोण सांगणार की हे कोल्हापूरचं 'लो' आहे? मग मूळ 'तो'मध्ये जी चूक झाली तीच परत होईल.

---

रंकाळा

होऊ दे की. जेन्लीची पण तीच चूक होती ना? एस्ट्रावेन त्याच्यासमोर बसून बोलत होता आणि जेन्लीला वर्ष-दोन वर्षं पुरुषच ऐकू येत होता. त्या चौघींना पण मी दारात उभा असताना पुरुषच ऐकू आला. बोलणाऱ्याचं काय चुकलं त्यात?

---

तर्कट

यावर माझ्याकडे उत्तर नाही. शंका मागे घेतो.

---

कावेरीकाठचा

रंकाळाताई, एस्ट्रावेनच्या देशातल्या लोकांना 'ल' म्हणता येत नाही, आठवतंय का? एस्ट्रावेन शेवटपर्यंत जेन्लीला 'जेन्री'च म्हणतो. आणि जेन्ली मनातून बोलायला शिकवतो तेव्हा एस्ट्रावेनला तो आवाज आपल्या मेलेल्या भावाचा ऐकू येतो. प्रत्येकाला दुसऱ्याचं बोलणं आपल्याच घरातून ऐकू येतं.

---

ओलीमाती

रंकाळा, लिहीत राहा. 'लो' लावूनच लिहा.

---

हिमवाट

काल रविवार होता.

सुरू करण्याआधी आईला रंकाळाताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. आजीच्या 'कुणाची गं तू?'ला ती गप्प झाली, मग म्हणाली, "तिला सांग, आजी नंतर एकटी बसून रडली असणार." सांगते आहे, ताई.

मग रोजनिशीचं पहिलं प्रकरण सांगितलं. सगळं 'लो' लावून. सुरुवातीला मलाच अवघड गेलं. माझ्या तोंडाला ती सवय नाही, दोनदा 'निघाले' निघून गेलं आणि मागे जाऊन सुधारावं लागलं. एस्ट्रावेनला तीन दिवसांत देश सोडायचा असतो, कुणी मदत केली तर त्यालाही शिक्षा. तो पायी बंदराकडे निघतो. जवळ खायला जवळजवळ काही नाही. 'मी चाललो, मी थांबलो, मी परत वळून पाहिलं नाही.' आई उशी पाठीशी घेऊन डोळे मिटून ऐकत होती. पाऊण तासात तिने एकदाही 'तो की ती' विचारलं नाही. मी थांबले तेव्हा तिने डोळे उघडले.

"आणि जेवायचं काय केलं त्याने? तीन दिवस चाललं ते लेकरू, कुणी घरात बोलावून भाकरतुकडा तरी दिला का नाही?"

पुढचा भाग पुढच्या रविवारी सांगते म्हटलं. ती म्हणाली, तेवढं एक आत्ताच सांग.